कांबळेबाई आणि जन्मस्थळाचा रकाना

कांबळेबाई कुठल्याही सरकारी कचेरीतून शाळेत परतल्या की आधी नळावर जायच्या. पर्स काखेला तशीच, चपला पायात तशाच आणि हातात साबणाची वडी. कोपरापर्यंत हात धुवायच्या. मध्येच कुणी "बाई, चहा आलाय" म्हटलं तर तिथूनच ओरडायच्या, "थांब रं! त्या कारकुनानं जिभेला बोट लावून माझा कागद पलटलाय. त्याची थुकी पोटात घेऊन चहा पिऊ व्हय?"

मीही कारकूनच होतो, त्याच शाळेतला. जिभेला बोट लावून कागद पलटायची सवय मलाही होती. बाईंचं ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी टेबलावर ओल्या स्पंजची डबी आणून ठेवली. बाईंनी माझ्यात घडवलेली सुधारणा एवढीच. बाकी मी होतो तसाच राहिलो, आणि आज हे लिहायला बसलो तर सगळ्यांत जास्त शिसारी मला त्याचीच येते.

आमची शाळा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीच्या अंगाला. वर्गाच्या खिडक्यांच्या कट्ट्यांवर रोज सकाळी लोखंड ओतायच्या फाउंड्र्यांची काळी वाळू साचलेली असायची. शिपाई ती हातानं लोटायचा आणि दुपारपर्यंत ती परत यायची. नव्वदच्या दशकात त्या फाउंड्र्यांत काम भरपूर होतं. कर्नाटकातल्या रायबाग, अथणी, विजापूरकडची कुटुंबं यायची, पुढे बिहार-ओरिसाकडचीही आली. त्यांची पोरं आमच्या शाळेत. घरात कन्नड किंवा हिंदी, आणि मराठी मैदानावर शिकलेली. त्यामुळे त्यांना आधी शिव्या यायच्या आणि मग बाराखडी.

बाई गणित शिकवायच्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, आवाज घागरीत बोलल्यासारखा. इस्त्रीची सुती साडी, डस्टर काखेत. तासाला आल्या की आधी नवा खडू मोडून त्याचे दोन तुकडे करायच्या, कारण अख्खा खडू किंचाळतो आणि ते त्यांना खपायचं नाही. नुसतं उत्तर लिहून दाखवणाऱ्या पोराची वही त्या परत भिरकावायच्या. "उत्तर बरोबर हाय. पर रीत कुठाय? रीत दाखव." हे त्यांचं पालुपद. हेडमास्तरांनी वेळापत्रक बदललं तरी हेच, वीज मंडळाचं बिल चुकून आलं तरी हेच. "रीत दाखवा."

मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी सगळ्यांची सेवापुस्तकं नीट करायचं काम माझ्याकडे आलं. बाईंच्या पुस्तकात प्रवर्गाच्या जागी 'खुला' लिहिलेलं. मला वाटलं, आधीच्या कारकुनानं चूक केली. कांबळे, बौद्ध, आणि खुला? मी त्यांना बोलावून विचारलं.

"चूक न्हाय ती," त्या म्हणाल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. "माझं माहेर निपाणीच्या पल्याड. जातीचा दाखला तिकडचा. लग्न होऊन इकडं आले. नोकरीला अर्ज केला तर म्हणाले, परराज्यातला दाखला, सवलत इथं चालत न्हाय. म्हणून खुल्यातनं लागले. मार्क होते म्हणून लागले, ते सोड."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "नियमच तसा आहे बाई."

"व्हय की. हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की आमची जात पुसली जाती, असा नियम हाय. पर मी इथं भाड्यानं खोली बघाय गेलते तवा मालकिणीनं आडनाव ऐकून दार लावलं बघ. तिला कुणी हा नियम सांगितला न्हवता वाटतं."

त्या हसल्या नाहीत. उठल्या, खुर्ची जागेवर ठेवली आणि तासाला गेल्या. मी 'खुला' शब्दाखाली शिक्का मारला.

अशा बाईंना नव्या सुधारणेचा राग येईल असं कुणालाही वाटलं असतं. उलट झालं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी सीईटी येणार, सगळ्या जागा एकाच केंद्रीय फेरीतून भरणार, हे जाहीर झालं तेव्हा शाळेत सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. आमच्याकडे अकरावी-बारावीचे शास्त्र शाखेचे वर्ग होते. बाईंनी दोन्ही वर्ग एकत्र बसवले आणि सांगितलं, "आता वशिला मेला. प्रॅक्टिकलचे मार्क कुणाच्या मामानं वाढवून आणले, कुणाच्या काकानं फोन केला, सगळं मेलं. पेपर सोडवायचा आणि जायचं. कळलं?"

शाळा सुटल्यावर त्या रोज दीड तास सीईटीची गणितं घ्यायला लागल्या. त्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची रेणुका बडिगेर.

रेणुकाचा बाप बसाप्पा एका फाउंड्रीत साचे भरायचा. लग्नाच्या आधीपासून शिरोलीत. फाउंड्रीच्या मागं पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत त्याचा संसार. रेणुका पहिलीपासून आमच्या शाळेत. उंच, हडकुळी, कमी बोलणारी. गणित सोडवताना ओठ हलायचे; बाईंनी एकदा विचारलं तर म्हणाली, "आकडे मी कन्नडात मोजते बाई." बाई म्हणाल्या, "मोज की. शून्य तर सारखंच हाय."

बारावीला रेणुका शाळेत पहिली आली. सीईटीतही तिचे मार्क असे होते की पुण्याच्या किंवा सांगलीच्या चांगल्या कॉलेजात जागा नक्की. बाईंनी प्रवेशाची माहितीपुस्तिका आणली, माझ्या टेबलाशी बसून पान पान वाचली आणि एका पानावर थांबल्या. बराच वेळ त्या पानावर त्यांचं बोट होतं.

दहावी-बारावी इथून झालेली हवीच, पण त्याशिवाय एक तर जन्म महाराष्ट्रातला हवा, नाहीतर पंधरा वर्षांच्या रहिवासाचं प्रमाणपत्र. मी जनरल रजिस्टर काढलं. जन्मस्थळाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मु. पो. कुडची, ता. रायबाग.'

कारण साधं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी. रेणुकाची आई सातव्या महिन्यात कुडचीला गेली आणि तीन महिन्यांचं पोर घेऊन शिरोलीला परत आली. आपल्याकडच्या कुठल्या घरातली बाई पहिल्या खेपेला माहेरी जात नाही? पण ते माहेर नाक्याच्या पलीकडे होतं, म्हणून शिरोलीच्या पत्र्याखाली वाढलेली पोरगी परराज्यातली ठरली.

"पंधरा वर्षं दाखवू की," बाई म्हणाल्या. "ती हितंच हाय जन्मल्यापासनं."

शाळेचं रजिस्टर बारा वर्षं दाखवत होतं. त्याआधीची तीन वर्षं दाखवणारा कागद हवा होता. पुढचे पंधरा दिवस बाईंनी त्या तीन वर्षांसाठी जे पाय झिजवले ते मी पाहिलंय. रेशनकार्ड उशिरा मिळालेलं. लाईटबिल फाउंड्रीच्या नावावर. बालवाडीचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. बाईंनी त्याची उरलेली पानं पिशवीतून आणली आणि माझ्यासमोर झटकली तर नुसती माती पडली. राहता राहिला फाउंड्रीला मजूर पुरवणारा ठेकेदार. बसाप्पा इतकी वर्षं त्याच्याकडेच होता. त्यानं एक ओळ लिहून दिली असती तर पुढचं सोपं होतं.

बाई मला सोबत घेऊन गेल्या. ठेकेदारानं खुर्च्या दिल्या, सरबत मागवलं.

"बाई, तुमच्याबद्दल आदर हाय," तो म्हणाला. "पर हे लिवून देणार न्हाय. हा माणूस माझ्याकडं सलग एवढी वर्षं हाय असं मी लिवलं, तर उद्या तोच कागद घेऊन हा परमनंट मागंल. माझ्या मस्टरवर दर सहा म्हैन्यानं नवा माणूस हाय."

"नवा माणूस? नाव काय त्याचं?"

"कधी बसाप्पा, कधी बसवराज, कधी बी. बडिगेर." तो हसला. "तुम्ही गणिताच्या हाय. तुम्हाला कळंल."

बाई सरबताला हात न लावता उठल्या. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला खाकरून थुंकल्या. त्यांना थुंकताना मी आयुष्यात एवढं एकदाच पाहिलं.

मग तहसील कचेरी. तिथले साहेब तरुण होते, बोलायला सभ्य. शाळेचा दाखला पाहून म्हणाले, "बारा वर्षांचा पुरावा आहे, तीन वर्षं कमी पडतात. मुलगी हुशार दिसते. जन्म इथला असता तर काही प्रश्नच नव्हता."

"साहेब, तुमचा जन्म कुठला?" बाईंनी विचारलं.

साहेब जरा चकित झाले. "माझा? आजोळचा. तासगावचा."

"म्हणजे तुम्हीबी आजोळीच जन्मला. फकस्त तुमच्या आजोळच्या वाटेत नाका न्हवता."

साहेबांनी दाखला पुन्हा एकदा उलटून पाहिला. वाईट माणूस नव्हता तो. पण सही त्यानंही केली नाही. बाहेर जिन्यात त्यांचा कारकून आमच्यामागं आला आणि हळूच माझ्या कानाशी म्हणाला, "पावणं, कशाला हेलपाटे घालताय? दाखला तुमच्याच शाळेचा की. जन्मस्थळ बदला आणि मोकळं व्हा."

मी शाळेत आल्यावर, बाई नळावरून परतल्यावर, हेच त्यांना सुचवलं. खरं सांगतो, चांगल्या मनानं सुचवलं. "बाई, एका शब्दाचा प्रश्न आहे. कुडचीच्या जागी शिरोली. नवं पान लावतो, जुन्या शाईत लिहितो. कुणाला कळणार नाही."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. पदरानं हात पुसता पुसता थांबल्या.

"तुला इतकं सहज कसं काय ठाव रं जाधवा? आधी केलंयस व्हय?"

मी रजिस्टर मिटून बाजूला सरकवलं, आणि त्यांना उत्तर मिळालं.

केलं होतं. दोनच महिन्यांपूर्वी. आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींचा भाचा गोव्यात जन्मला, गोव्यातच आठवीपर्यंत शिकला, आणि नववीला मामाकडे येऊन आमच्या शाळेत बसला; बारावीला तो रेणुकाच्याच वर्गात होता. सेक्रेटरी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, "जाधव, पोराच्या जन्मस्थळात म्हापसा लिहिलंय. कोल्हापूर पाहिजे. लेखनिकाची चूक दिसते." मी लेखनिकाची चूक दुरुस्त केली. त्यासाठी मी काही घेतलं नाही, हे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. जणू त्यानं काही फरक पडतो.

"श्शी," बाई म्हणाल्या. तेवढंच.

तरी रेणुकाचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला नाही. "माझं सोवळं तिच्या आयुष्याच्या आड यायला नको," असं म्हणून त्या बसाप्पाच्या खोलीवर गेल्या, मलाही नेलं. असाही एक मार्ग आहे, म्हणून सरळ सांगितलं.

बसाप्पा म्हणाला, "लिवा अक्का. कोण बघतंय?"

रेणुकाची आई चुलीपाशी होती. ती तिथूनच मोडक्या मराठीत म्हणाली, "माझ्या अव्वानं, आईनं, हिची नाळ कापली. आता अव्वा न्हाय, घर पडलं. कागदावर तेवढं नाव हाय, ते पण काढायचं?"

बसाप्पा चिडून तिला कन्नडात काहीतरी बोलला. मग सगळे रेणुकाकडं बघायला लागले.

तिचे ओठ हलले, आकडे मोजताना हलायचे तसे. मग म्हणाली, "बाई, दुसऱ्या वर्षात कुणी रजिस्टर उघडलं तर मला काढून टाकतील. केस करतील. माझ्यामागं कोण उभं ऱ्हाईल?"

सतरा वर्षांची पोरगी, पण हिशेब बरोबर मांडला होता. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडं मात्र पाहिलं नाही.

बसाप्पाच्या समाधानासाठी बाई एका खाजगी कॉलेजातही जाऊन आल्या. तिथं मॅनेजमेंटच्या जागा होत्या. तिथल्या माणसानं जन्मस्थळ विचारलं नाही, रहिवास विचारला नाही, मार्कही नीट पाहिले नाहीत. फक्त डोनेशनचा आकडा सांगितला. परत आल्यावर बाई स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणाल्या, "पैसा असला की समदी मुलं महाराष्ट्राची!" मग रेणुकाचा मामा तिला कर्नाटकात घेऊन गेला. जन्म तर तिकडचाच. तिथं प्रवेशाच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "शिक्षण कुठं?" ही म्हणाली, शिरोली. तो म्हणाला, मग तिकडंच जा.

फेरीची यादी लागली. सेक्रेटरींच्या भाच्याला सांगलीत जागा मिळाली. रेणुकापेक्षा त्याचे मार्क पुष्कळ कमी होते. सेक्रेटरींनी स्टाफला पेढे वाटले. शिपाई ताट घेऊन बाईंसमोर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यासमोरनं हलीव ते. वास यायलाय."

त्याच दुपारी त्या माझ्याकडे आल्या. "जाधवा, तू मोडलंस, तूच नीट कर. लिहून दे की पान बदललंय. मी तुझ्यासंगं उभी ऱ्हाईन."

"बाई, माझी नोकरी जाईल. घरी म्हातारे आईबाप आहेत, धाकटी बहीण लग्नाची आहे."

"आठ दिवस देते."

आठ दिवस गेले. मी त्यांच्या येण्याच्या वेळेला मुद्दाम बँकेत जायचो. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या सहीनं शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. माझं नाव त्यात होतं. त्यांनी मला ती आधी वाचून दाखवली होती, पाठीमागून वार केला नाही.

चौकशी आली. दोन साहेब, एक गाडी. सेक्रेटरींच्या घरी जेवण झालं आणि मग रजिस्टर मागवलं. पान जागेवर होतं, 'कोल्हापूर' लिहिलेलं, जुन्या शाईत. मला विचारलं, "हे मूळ पान आहे का?" मी म्हणालो, "होय."

बाई समोर उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या ओरडतील, त्यांचा आवाज मला ठाऊक होता. पण भाजी घेताना हाताला कुजकं वांगं लागावं आणि ते नुसतं बाजूला ठेवावं, तसं त्यांनी माझ्यावरून डोळे काढले.

तक्रारीत तथ्य नाही, असा शेरा आला. पुढच्या वर्षी त्या ज्येष्ठतेनं हेडमिस्ट्रेस व्हायच्या होत्या; त्याऐवजी संस्थेच्या कोडोलीच्या शाखेत त्यांची बदली झाली. कार्यमुक्तीचा आदेश मीच टाईप केला. त्यांनी तो उभ्यानं वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, आणि मी ती दुरुस्त करेपर्यंत खिडकीबाहेर बघत थांबल्या.

रेणुकाचं म्हणाल तर तिनं कोल्हापुरात बी.एस्सी. केलं. त्याला रहिवासाचं प्रमाणपत्र लागत नव्हतं. बाई कोडोलीहून दर रविवारी एसटीनं येऊन तिला शिकवत, असं मला नंतर बसाप्पाकडून कळलं. आता ती एका फाउंड्रीच्या तपासणी प्रयोगशाळेत आहे. ओतीव लोखंडाचे नमुने तपासते. बाहेरून शिकून आलेला इंजिनिअर तिच्या अहवालावर सही करतो. बसाप्पा हे अभिमानानं सांगतो. मला ते ऐकवत नाही.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते पुढं बऱ्याच वर्षांनी. तोवर दाखल्यांसाठी सेतू कार्यालयं निघाली होती. कागदपत्रं द्यायची, टोकन घ्यायचं आणि ठरल्या दिवशी दाखला न्यायचा. माझ्या मुलीची बारावी झाली होती. मी तिच्या रहिवासाच्या दाखल्यासाठी रांगेत उभा राहिलो, सातबारा, रेशनकार्ड, जन्माचा दाखला सगळं फाईलमध्ये होतं. खिडकीवरच्या मुलीनं नजर टाकली आणि म्हणाली, "काका, तुमचं अगदी व्यवस्थित आहे." पाच मिनिटं लागली नसतील.

वळलो तर भिंतीकडच्या बाकावर कांबळेबाई. निवृत्त झालेल्या, केस पूर्ण पांढरे, चष्मा जाड. शेजारी एक परप्रांतीय माणूस, अंगावर फाउंड्रीची काळी धूळ, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. बाई त्याला आपल्या कोल्हापुरी हिंदीत झापत होत्या, "झेरॉक्स तीन बोली थी ना? दो काहेकू लाया?"

मी जवळ गेलो. पाया पडावं असं वाटलं, पण वाकायचं धाडस झालं नाही.

"बाई, ओळखलंत?"

"तर. जाधव." आवाज तसाच होता. "पोरीसाठी आलास?"

"होय."

"झालं काम?"

"झालं."

"बरं झालं. शिकू दे तिला." त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता.

तेवढ्यात खिडकीवरून आवाज आला. त्या माणसाच्या प्रतिज्ञापत्रावर दोन स्थानिक साक्षीदार लागतात. एक या बाई झाल्या, दुसरा कोण? तो माणूस आशेनं माझ्याकडं बघायला लागला. माझं नाव, माझा पत्ता, माझी पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन, सगळं इथलं. मी खिशाला हात घालून पेन काढलं.

बाईंनी माझ्या हातातल्या पेनाकडं पाहिलं, मग त्या माणसाकडं वळल्या.

"रुको भैया," त्या शांतपणे म्हणाल्या, "दुसरा देखती मैं."

आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दाराबाहेर गेल्या, आणि तिथल्या झेरॉक्सवाल्याला हाक मारून आत घेऊन आल्या.